नाव, फी आणि रियाजाची दहा वर्षं : भांडुपच्या एका घरातला निर्णय

जून २०२२ मधली गोष्ट. बारावीचा निकाल लागून तीन-चार दिवस झाले होते. रविवारचा सकाळचा क्लास संपला, मुलं चपला घालून पळाली, आणि एक मुलगी आईवडिलांसोबत थांबून राहिली. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेलं पासबुक होतं आणि एक चकचकीत माहितीपत्रक. ते म्हणाले, "ताई, हिला गाण्यातच करायचंय. कर्ज काढायची माझी तयारी आहे. फक्त तुम्ही एकदा हो म्हणा."

मी मुलुंडला चोवीस वर्षं गाणं शिकवते. असा प्रश्न दरवर्षी एक-दोन घरांतून येतो. बहुतेक वेळा आईवडील मुलाला गाण्यापासून परावृत्त करायला आलेले असतात. इथे उलटं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि दोन्ही संस्थांची ओळख गाळली आहे, आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत.

घरची परिस्थिती अशी. वडील एका पतपेढीत नोकरीला, हातात ५४,००० येतात. आई घरून पोळीभाजीचे डबे देते, त्यातून महिन्याला नऊ-दहा हजार. भांडुपला वन-रूम-किचन, त्याचा हप्ता १५,५००, अजून अकरा वर्षं बाकी. धाकटा मुलगा नववीत. बँकेत साडेसहा लाखांची एफडी, आणि आजीच्या पाटल्या, ज्यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं.

मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून एकेक करत विशारद प्रथमपर्यंत झालेल्या. काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, गाते. आवाज मोकळा, खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, अजून बळ यायचं आहे, कान अतिशय चांगला. एकदा ऐकलेली तान तिच्या डोक्यातून जात नाही. पण परीक्षा होणं आणि गाणं येणं यांत किती अंतर असतं ते शिकवणाऱ्याला माहीत असतं. तिला जे पुढचं हवं होतं ते माझ्यापाशी फारसं उरलेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं.

माहितीपत्रक दुसऱ्या शहरातल्या एका खासगी निवासी संगीत संस्थेचं होतं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, गायन मुख्य विषय, सोबत पाश्चात्त्य संगीताची मूलतत्त्वं, रेकॉर्डिंग, रचना. ऑडिशन झाली होती, प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाच्या फीमध्ये वीस टक्के सवलतही मिळाली होती. पत्रावर 'गुणवत्ता शिष्यवृत्ती' असं लिहिलं होतं. वडिलांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज जरा कापला.

का, ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांना लहानपणी तबला शिकायचा होता. परळच्या चाळीत शेजारी एक वादक राहायचे, दारात बसून हा मुलगा ऐकायचा, मांडीवर बोल वाजवायचा. घरात चार भावंडं आणि गिरणीचा एक पगार. शिकायचं राहिलं ते राहिलंच. "माझ्या बापाने पैसे नाहीत म्हणून नाही म्हटलं," ते म्हणाले, "मला ते वाक्य माझ्या पोरीला बोलायचं नाही." हे ऐकल्यावर नुसता खर्चाचा कागद पुढे करून चालणार नव्हतं. त्यांच्यासाठी महागडी संस्था निवडणं म्हणजे मुलीवर केलेली माया होती. स्वस्त वाट सुचवणाऱ्याने आधी हे समजून घ्यायला हवं. नाही तर आपण हिशेब सांगतो आणि समोरच्याला ऐकू येतं की तू कमी पडलास.

आधी पैसे, पण सगळे

माहितीपत्रकात फी होती वर्षाला ४,२५,०००. वडिलांच्या डोक्यात तेवढाच आकडा होता. आम्ही वहीत बाकीचं लिहीत गेलो. वसतिगृह आणि मेस १,६०,०००. म्हणजे वर्षाला ५,८५,००० आणि तीन वर्षांचे १७,५५,०००. संस्थेने दिलेल्या यादीप्रमाणे लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, मायक्रोफोन यांचे १,२०,०००. जाण्यायेण्याचे ४५,०००. यातून शिष्यवृत्तीचे ८५,००० वजा, कारण सवलत फक्त पहिल्या वर्षाच्या फीवर होती. दुसऱ्या वर्षापासून 'कामगिरीनुसार विचार' होणार होता, म्हणजे त्यावर घर चालवता येत नाही. एकूण १८,३५,०००. फी दरवर्षी वाढते, ती धरलेली नाही.

एफडीतून ४,३५,००० काढायचे, उरलेलं मुलाच्या दहावी-अकरावीसाठी ठेवायचं आणि १४ लाख कर्ज घ्यायचं, असा बेत होता. बँकेने व्याज साडेदहा टक्के सांगितलं. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्ता नाही, ही सोय शैक्षणिक कर्जात असते आणि ती ऐकायला फार बरी वाटते. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. दरवर्षी एक तृतीयांश रक्कम उचलली असं धरलं तर हप्ता सुरू होईपर्यंत साधं व्याजच सुमारे ४,४१,००० होतं. म्हणजे फेड सुरू होईल तेव्हा १४ लाखांचे १८ लाख ४१ हजार झालेले असतील. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता साधारण २४,८००.

शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. यांचं घर तर आधीच गृहकर्जाला तारण. वडिलांनी मेहुण्याला जामीन राहायला आणि त्याचा कल्याणचा गाळा तारण द्यायला विचारलं होतं. तो हो म्हणाला होता. पण ते विचारताना किती वेळ गेला, चहा कसा गार झाला, हे आईने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. (आता २०२४ पासून केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे, तीत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळू शकतं. पण ते ठरावीक दर्जाच्या, यादीतल्या संस्थांसाठी. संगीताची संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी तपासावं.)

मग मी मुलीला वहीत एक रेघ ओढायला लावली. २०२२ मध्ये ती अठरा वर्षांची. २०२५ ला शिक्षण संपेल, २०२६ ला हप्ता सुरू होईल, २०३६ ला संपेल. बाविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत दर महिन्याला २४,८००.

ख्याल, म्हणजे शास्त्रीय रागगायन, करणाऱ्याच्या आयुष्यात ही दहा वर्षं कशाची असतात? आवाज बसण्याची. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, श्वास लांबण्याची. एकच राग वर्षभर घोटण्याची. याच वर्षांत गाण्यातून पैसे सगळ्यांत कमी मिळतात आणि वेळ सगळ्यांत जास्त लागतो. दुसऱ्या बहुतेक शिक्षणांत असं होत नाही. अभियंत्याला बाविसाव्या वर्षी पगार सुरू होतो, त्यातून तो कर्ज फेडतो आणि काम करता करता शिकतो. गाणाऱ्याने बाविसाव्या वर्षी हप्त्यामागे धावायचं ठरवलं तर तो ज्या गोष्टीसाठी शिकला तीच गहाण पडते. फीचा आकडा किती मोठा, यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

नाव म्हणजे काय

वडिलांचं म्हणणं ठाम होतं. "ताई, पण नावाला किंमत आहे ना? मोठ्या ठिकाणाहून आली म्हटल्यावर लोक विचारतात."

किंमत आहेच. मी ती नाकारली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक मुलगा ध्वनिमुद्रण शिकायला एका महागड्या संस्थेत निघाला होता. मी त्याला अडवलं होतं. म्हटलं, स्टुडिओत उमेदवारी कर, तिथेच शिकशील. त्याने माझं ऐकलं नाही, आणि बरं झालं. त्याला जे हवं होतं ते खरोखर यंत्रांत होतं. मोठा कन्सोल, नीट बांधलेल्या खोल्या, शिकवणारे काम करणारे तंत्रज्ञ, आणि त्याच वर्गातले सोबती जे आज एकमेकांना कामं देतात. ते नाव त्याला पोसतंय. माझा सल्ला तेव्हा चुकला होता आणि ते मला या कुटुंबाला सांगावंच लागलं.

पाश्चात्त्य संगीताचंही तसंच. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या आठ ग्रेड मुंबईत बसून देता येतात, पण त्यापुढे वृंदात वाजवायचं, हार्मनी आणि संयोजन शिकायचं तर योग्य जागा मोजक्याच. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत कन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, काढली, तिच्यासारख्या ठिकाणांची गरज म्हणूनच आहे. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाचं नाव घेणारे नातेवाईकही या घरात निघाले. तिथली फी डॉलरमध्ये आणि वर्षाला आपल्या भांडुपच्या घराच्या किमतीशी तुलना करावी अशी, तेव्हा ती चर्चा एका चहात संपली.

ख्यालगायनात नाव कसं तयार होतं ते वेगळं. प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये गिरगावात संगीत विद्यालय काढलं. कुमार गंधर्व लहान वयात तिथे शिकायला आले. त्या जागेचं नाव इमारतीमुळे झालं नाही. देवधरांना कुठल्याही घराण्याचा कलावंत वर्ज्य नव्हता, मोठमोठे गवई तिथे येत, गात, आणि मुलांच्या कानावर ते पडे. त्या खोलीत कोण बसायचं आणि कोण ऐकायचं, यावर तिची कीर्ती उभी होती. आजही गाण्याच्या वर्तुळात कोणी "कुठे शिकलीस?" असं विचारलं तर संस्थेचं नाव सांगितल्यावर दुसरा प्रश्न लगेच येतो : "कोणाकडे?"

म्हणून मी मुलीला सांगितलं, संस्थेचं नाव बाजूला ठेव आणि तीन गोष्टी शोधून आण. तुझ्यासमोर रोज कोण बसणार? तो तुझं गाणं आठवड्यातून किती मिनिटं ऐकणार? आणि शेवटी कागद कोण देणार?

तिसरा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की संस्था स्वतःचा डिप्लोमा देते. पदवी हवी असेल तर दुसऱ्या एका विद्यापीठातून दूरशिक्षणाने, वेगळी फी भरून. गाणाऱ्याला पदवी कशाला, असं म्हणणारे खूप भेटतील. पण एम.ए. करायचं, नेट ही पात्रता परीक्षा देऊन महाविद्यालयात शिकवायचं, तर मान्यताप्राप्त पदवीच लागते. गाणाऱ्या बाईला तिशीत, लग्नानंतर, मूल झाल्यावर, आजारपणात हातात एक पक्की नोकरी असणं काय असतं हे मी जवळून पाहिलं आहे. तो कागद हलका समजू नये.

मुलगी आणि वडील त्या संस्थेचा खुला दिवस पाहून आले. तिच्या वहीतलं पान अजून माझ्याकडे आहे. डाव्या बाजूला तिने लिहिलंय : "इअर ट्रेनिंगचा वर्ग भारी!! सरांनी पियानोवर कॉर्ड वाजवले आणि मुलांनी नुसतं ऐकून लिहून काढले. मला हे यायलाच पाहिजे." तीन रेघा खाली. उजव्या बाजूला गायनाचा वर्ग : "२२ मुलं. एक तास. प्रत्येकाची पाळी २-३ मि. माझ्या शेजारची मुलगी पूर्ण तासात एकदाही एकटी गायली नाही." त्याखाली : "वैयक्तिक तालीम आठवड्याला ४५ मि., वर्षात ३० आठवडे." माहितीपत्रकावर ज्यांचा फोटो होता ते ज्येष्ठ गायक वर्षातून दोनदा कार्यशाळेला येतात. आणि मागच्या पानावर ज्या पार्श्वगायकाला माजी विद्यार्थी म्हटलं होतं, तो आधीच नावारूपाला आला होता, मग तिथे सहा महिन्यांचा कोर्स करून गेला होता. यात फसवणूक नाही. पण त्याची कीर्ती संस्थेने घडवलेली नव्हती, आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या बापाला हे ओळखता येणं कठीण असतं.

अलीकडे तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. संपर्क मिळाला नाही. मुलीच्या मैत्रिणीच्या ओळखीतून एकीचा नंबर मिळाला. ती फार सरळपणे बोलली. शिकवणं चांगलं, स्टुडिओ उत्तम, सोबती हुशार, तिथली तीन वर्षं आयुष्यातली सगळ्यांत सुंदर, असं ती म्हणाली. आता काय करतेस विचारल्यावर सांगितलं : आठवड्यात कॉर्पोरेट कार्यक्रम, लग्नसराईत संगीत-संध्या, मधल्या दिवसांत ऑनलाइन शिकवण्या. हप्ता असतो ना. रियाज? "ताई, आवाजच बसलेला असतो. गप्प राहणं हाच माझा रियाज." मोबाइल स्पीकरवर होता. मुलीच्या वडिलांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

दुसरी वाट

मुंबईत सरकारी विद्यापीठातून संगीत शिकायची दारं आहेत आणि लोकांना ती फारशी माहीत नसतात. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ पासून आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठातही संगीत आहे. सरकारी नसलं, तरी चौपाटीला भारतीय विद्या भवनाचं संगीत-नर्तन शिक्षापीठ आहे. मुंबईबाहेर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्रही धरता येईल, मात्र तिथे राहावं लागतं.

वडिलांनी मध्येच विचारलं, "फुकट शिकवणारं काहीच नाही का?" आहे. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी निवडलेल्या शिष्यांना गुरूजवळ ठेवून, शिष्यवृत्ती देऊन शिकवते. हुबळीला गंगूबाई हनगलांच्या नावाचं गुरुकुल आहे. पण तिथे निवड होते ती तयार गळ्याची. मी मुलीसमोरच सांगितलं की तू अजून तिथवर आलेली नाहीस. ती खाली बघत राहिली. असं बोलताना मला त्रास होतो, पण मायेपोटी मुलांना तयारीबद्दल खोटं सांगू नये.

आम्ही एका सरकारी विद्यापीठाच्या पदवीवर्गात तासाला बसण्याची परवानगी मिळवली. दुपारी तीनची वेळ, भीमपलास राग चालू होता. बारा मुली. खोली साधी, पंखा आवाज करणारा, म्हणून बाईंनी तो बंद करायला लावला. एक मुलगी 'नि सा ग म' म्हणत होती आणि गंधार, म्हणजे ग, सपाट लागत होता. कोमल तर होता, पण भीमपलासचा नव्हता. बाईंनी तिला थांबवलं. "मध्यमाला स्पर्श कर, तिथून गंधारावर ये. उडी मारू नकोस, उतर." ती परत गायली. परत नाही. बाईंनी हार्मोनियम मिटली, तानपुऱ्याला कान लावायला सांगितला आणि स्वतः तेवढाच तुकडा वीसेक वेळा गायल्या, प्रत्येक वेळी गंधार जरासा वेगळ्या कणाने, म्हणजे शेजारच्या स्वराच्या स्पर्शाने. बाकीच्या अकराजणी गप्प ऐकत होत्या. चौदा मिनिटं झाली, मी घड्याळ पाहिलं होतं. मग त्या मुलीचा गंधार लागला, आणि खोलीत दोघींच्या तोंडून आपोआप "हां" निघालं. माझी विद्यार्थिनी माझ्या शेजारी ओठांतल्या ओठांत तोच तुकडा म्हणत होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "ताई, या बाईंचं नाव मी कधी ऐकलं कसं नाही?"

या वाटेचा हिशेब असा निघाला. फी वर्षाला १८,०००. विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास आणि बसभाडं ६,०००. पुस्तकं, नोंदणी, किरकोळ ९,०००. आणि दादरला राहणाऱ्या एका ज्येष्ठ गायकांकडे आठवड्यातून दोनदा तालीम, महिना ८,०००, म्हणजे वर्षाला ९६,०००. एकूण १,२९,०००, तीन वर्षांचे ३,८७,०००. त्यात रेकॉर्डिंगचा एक छोटा कोर्स ५५,००० आणि मिरजेहून तानपुरा २८,०००. बेरीज ४,७०,०००.

या आकड्याकडे आई बराच वेळ बघत राहिल्या. हिशेबात त्या बोलल्या नव्हत्या, डब्यांचा हिशेब मात्र रोज करतात. त्या म्हणाल्या, "अहो, म्हणजे तिकडे आपण एफडीतून जेवढे देणार होतो, जवळजवळ तेवढ्यात इकडे सगळंच होतंय. तिकडे जास्तीचं काय, तर कर्ज."

तालमीचे तास मोजले. खासगी संस्थेत वैयक्तिक तालीम वर्षाला साडेबावीस तास. दादरला आठवड्यातून दोन तास, सुट्ट्या वगळून ४४ आठवडे, ८८ तास. हा हिशेब पूर्ण न्याय्य नाही. संस्थेच्या फीत इअर ट्रेनिंग होतं, स्टुडिओ होता, मित्रमंडळी होती, घरापासून लांब राहून मोठं होणं होतं. मुलीला यातलं सगळं हवं होतं आणि हवं असण्यात काही गैर नव्हतं.

तिची आत्या म्हणाली, बी.कॉम. करू दे आणि गाणं संध्याकाळी. ही वाट मी काही मुलांना स्वतः सुचवते. पण हिला नाही. तिला लेखा-जोख्यात रस नव्हता, आणि दोन्ही अर्धवट होण्याची शक्यता जास्त होती.

निर्णयाचा दिवस गाजावाजा न करता आला. वडिलांनी फोन केला, "तिनेच ठरवलं. चर्चगेटचं विद्यापीठ." मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, लोक म्हणतील पोरीवर पैसे वाचवले." मी म्हटलं, वाचवलेले नाहीत, दादरला भरताय. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. शिष्यवृत्तीचं पत्र त्यांनी पासबुकाच्या कव्हरात बरेच महिने ठेवलं होतं.

तीन वर्षांनी

सोपं गेलं नाही. पहिल्या सहामाहीत भांडुपहून सकाळच्या गर्दीत उभी राहून सीएसएमटी, तिथून चालत, परतताना दादरला उतरून तालीम, घरी यायला साडेनऊ. धुळीने घसा धरायचा. दिवाळीत ती रडत माझ्याकडे आली. तिच्या ऑडिशनच्या वेळची एक मैत्रीण त्या खासगी संस्थेत गेली होती, तिचे स्टुडिओतले व्हिडिओ रोज दिसायचे. "मी पण तिथे असते, ताई." मी काहीच समजावलं नाही. तानपुरा काढला आणि दोघी षड्ज लावत बसलो.

दादरच्या गुरुजींनी पहिले आठ महिने फक्त यमन राग आणि पलटे, म्हणजे स्वरांचे सरावाचे तुकडे, दिले. तिला वाटलं, फी देऊन मी मागे चालले आहे. दुसऱ्या वर्षी एकदा मी तिचं विलंबित ऐकलं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी ती थांबली, एक मात्रा मोकळी सोडली आणि मग आली. माझ्याकडे नऊ वर्षं शिकताना तिला ती मोकळी मात्रा सोडायचं धाडस कधी झालं नव्हतं.

जे गमावलं तेही लिहिते. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, तिला वाचता येत नाही. एका जिंगलच्या रेकॉर्डिंगला बोलावणं आलं, समोर कागद ठेवला, आणि काम दुसरीला गेलं. हार्मनी येत नाही. संयोजक, निर्माते यांच्या ओळखी नाहीत. छोट्या कोर्समध्ये ती स्वतःचं गाणं नीट रेकॉर्ड करायला शिकली, त्यापलीकडे नाही. खासगी संस्थेतली मैत्रीण या बाबतीत तिच्या खूप पुढे आहे आणि कमावतेही जास्त.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती असते, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिने एकदा अर्ज केला, निवड झाली नाही. परत करणार आहे. आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारी चालू आहे. भांडुपला सहा मुलांना शिकवते, महिन्याला ११,००० येतात, त्यातले ८,००० ती आता स्वतः गुरुजींना देते. पहाटे साडेपाचला खर्ज सुरू होतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सुरुवातीला तक्रार केली होती, आता एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर तेच विचारायला येतात.

२०२५ मध्ये पदवी झाली. एम.ए. करायचं हे नक्की, पण पुण्याला राहून की मुंबईतच? या वेळी आईवडील कोणी पासबुक घेऊन आले नाहीत. तिने रात्री मला एका कागदाचा फोटो पाठवला. दोन रकाने, पुणे आणि मुंबई. फी, खोलीचं भाडं, मेस, प्रवास, शिकवण्यांचं बुडणारं उत्पन्न, समोर बसणारं कोण, आठवड्याची मिनिटं, कागद कोणाचा. सगळं ओळीने, मी शिकवलं तसं. शेवटची एक ओळ मात्र मी कधी शिकवली नव्हती. तिथे तिने लिहिलं होतं : 'गुरुजींचं वय'. पुण्याच्या रकान्यात रेघ होती. मुंबईच्या रकान्यात ७४ हा आकडा, आणि त्याभोवती पेन्सिलीने दोनदा काढलेलं वर्तुळ.